सदतीस निकषांचे घर

५ जानेवारी, सकाळी सात

आजपासून 'घर' या विषयासाठी स्वतंत्र वही. महाविद्यालयात छत्तीस वर्षे तर्कशास्त्र शिकवले. विद्यार्थ्यांपैकी कोणी त्याचा उपयोग केल्याचे ऐकिवात नाही. निदान शिकवणाऱ्याने तरी करावा.

पार्श्वभूमी: आम्ही तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो. लिफ्ट नाही. सौ.चे दोन्ही गुडघे झिजले आहेत. हाडांचे डॉक्टर म्हणाले, सहा महिन्यांच्या आत जिने बंद करा. सहा हा आकडा कोणत्या आधारावर काढला, असे मी विचारले. त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावले.

शहराबाहेर तीन नियोजित वसाहती उभ्या राहत आहेत. त्यांची नावे जाहिरातदारांनी ठेवलेली असल्यामुळे मुळातच दिशाभूल करणारी आहेत. या वहीत त्यांना अ, ब आणि क असे संबोधले जाईल.

अंतिम निर्णय: ३१ मार्च. त्यापुढे एक दिवसही नाही.

७ जानेवारी

तक्ता आखला. निकष बारा. प्रत्येकाला दहापैकी गुण, महत्त्वानुसार वेटेज.

मेव्हण्याचा फोन आला. म्हणाला, दाजी, घर बघायचं आणि घ्यायचं, त्यात एवढं काय. या गृहस्थाने स्वतःचे घर वीस मिनिटांत घेतले, कारण बाल्कनीत वारा चांगला येत होता. नऊ वर्षे तिथे सुखात आहे. याला पुरावा म्हणत नाहीत, योगायोग म्हणतात.

११ जानेवारी

अ पाहिली. ब्रोशरवर प्रत्येक खिडकीतून सरोवर दिसते. प्रत्यक्षात खड्डा दिसला. विक्री विभागातल्या मुलीला विचारले, सरोवर कुठे आहे. ती म्हणाली, हेच सर, फक्त पाणी फेज टूमध्ये आहे.

परत येऊन निकष वाढवला: 'वर्तमानकाळाशी संबंध'. अ ला दोन गुण.

१७ जानेवारी

ब पाहिली. 'स्टेशनपासून केवळ दहा मिनिटे.' घड्याळ लावून चालत गेलो. एक तास चार मिनिटे. तिथला तरुण म्हणाला, काका, दहा मिनिटं पुलावरून. पूल कुठे आहे? प्रस्तावित आहे. मी म्हणालो, मग मीही आजपासून प्रस्तावित ग्राहक. त्याने माझा फोन नंबर लिहून घेतला. उपहास या माध्यमाला विक्री विभागात मागणी नाही.

निकष सतरा.

२० जानेवारी

आपल्याच जिन्यात, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, कोणीतरी लाकडी स्टूल ठेवले आहे. नडगीला लागले. सामायिक जागेत खासगी फर्निचर! समोर शिवणकाम करणाऱ्या बाई राहतात, त्यांचेच असणार. घरमालकांना रीतसर तक्रारअर्ज लिहिला. मुद्दे पाच, उपमुद्दे अकरा. कलह करायचा नाही, पण तत्त्व म्हणजे तत्त्व.

९ फेब्रुवारी

क पाहिली. सौ. बरोबर होती. तळमजल्यावर एक फ्लॅट, पुढच्या बाजूला रुंद खिडकी, बाहेर झाड. (झाड खरे. हात लावून पाहिले.) सौ. खिडकीच्या कट्ट्यावर बसली ती उठेचना. म्हणाली, अहो, हेच घ्या. इथं नुसतं बसलं तरी माणसं दिसतील जातायेताना.

मी तिला समजावले की एका अनुकूल उदाहरणावरून सार्वत्रिक निष्कर्ष काढणे ही प्राथमिक चूक आहे. प्रथम वर्षाचे विद्यार्थीसुद्धा ऑगस्टनंतर ती करत नाहीत. ती म्हणाली, बरं. बसमध्ये काही बोलली नाही. पटले असावे.

परतल्यावर निरीक्षणे ताजी असतानाच लिहावीत म्हणून मी जिना भराभर चढून पुढे आलो. ती वर पोचली तेव्हा माझी चार पाने झाली होती.

१० फेब्रुवारी

अभ्यासात गंभीर त्रुटी सापडली! अ सकाळी पाहिली, ब दुपारी, क संध्याकाळी. संध्याकाळच्या उन्हात कोणतेही घर बरे दिसते. न्यायाने तिन्ही वसाहती तिन्ही वेळांना पाहिल्या पाहिजेत. एकूण नऊ भेटी. सौ. म्हणाली, तुम्हीच जाऊन या.

क मधून विक्रीवाल्या मुलीचा फोन. काका, तळमजल्याचा तो एकच उरलाय, टोकन देऊन ठेवा. घाई हा युक्तिवाद नसून युक्तिवादाचा अभाव असतो, हे तिला सोदाहरण सांगितले. ती म्हणाली, हो का. जिज्ञासू वाटली.

२ मार्च

अ, दुपारची फेरी. सॅम्पल फ्लॅटची बेडरूम संशयास्पद प्रशस्त वाटली. टेप काढून पलंग मोजला. लांबी पाच फूट दोन इंच! खोली मोठी दिसावी म्हणून पलंगच तोकडा केला आहे. कपाट तर इतके उथळ की त्यात हँगर आडवा राहत नाही. प्रत्यक्ष प्रमाण मिळावे म्हणून मी पलंगावर आडवा झालो. पाय बाहेर आले. सिद्ध.

डोळे उघडले तेव्हा पायथ्याशी चार माणसांचे कुटुंब उभे होते. त्यातल्या ज्येष्ठ बाई विक्रीवाल्या मुलीला विचारत होत्या, हे गृहस्थ सगळ्या फ्लॅटमध्ये देणार की फक्त टू बीएचकेमध्ये.

नोंद: अ, ध्वनिरोधन. दहापैकी नऊ.

१४ मार्च

सौ.च्या गुडघ्यांविषयी डॉक्टरांनी अतिशयोक्ती केली होती, असे आता साधार म्हणता येते. ती रोज संध्याकाळी पाचला फिरायला जाते आणि पावणेसहाला येते. एकही दिवस चुकलेली नाही. चेहराही प्रसन्न असतो. गुडघे खरोखर निकामी असते तर पंचेचाळीस मिनिटे फिरणे अशक्य होते. ज्या अर्थी ती फिरते, त्या अर्थी तातडी नाही.

संध्याकाळी मी तक्त्यावर बसतो. निकष सव्वीस.

३० मार्च

मुलीचा फोन. म्हणाली, बाबा, आईला घर हवंय, प्रबंध नको. विधान आकर्षक, पण द्विभाजन खोटे. चांगल्या प्रबंधातून चांगले घर निघू शकते.

३१ मार्च ही मुदत मीच ठरवली होती. तेव्हा ती बदलण्याचा अधिकारही माझाच. नवी मुदत: ३० एप्रिल. त्यापुढे अर्धा दिवसही नाही.

१२ एप्रिल

निकष सदतीस. लिफ्टचा वेग, पावसाच्या पाण्याचा उतार, सुरक्षारक्षकाची दृष्टी (दहा फुटांवरून वर्तमानपत्र वाचायला दिले), क्लब हाउसमधल्या बिलियर्ड टेबलाची समतलता. मी बिलियर्ड खेळत नाही. पण तत्त्व.

कोणत्याही अभ्यासाची त्रयस्थाकडून तपासणी व्हायला हवी. जुना सहकारी भूगोल (विषयावरून पडलेले नाव, तो आम्हाला 'तर्कट' म्हणत असे) सध्या घराच्याच शोधात आहे. त्याच्याकडे तक्त्याची प्रत पाठवली. सविस्तर अभिप्राय मागितला.

२६ एप्रिल

बेरीज केली.
क, तळमजला: ७१.४
अ, चौथा मजला: ७१.१
ब: २९ (पूल झाल्यास ५५)

०.३ चा फरक निर्णायक मानता येत नाही. दहाव्या भेटीची आवश्यकता. बेरजेची प्रत भूगोललाही पाठवली. सौ.ला आकडे वाचून दाखवले. ती म्हणाली, म्हणजे मी फेब्रुवारीत म्हटलं तेच ना. मी म्हणालो, निष्कर्ष एक असला तरी मार्ग वेगळा आहे. तिचा निष्कर्ष बरोबर येणे हा अपघात. माझा येणे ही पद्धत. ती म्हणाली, पद्धतीला सांगा, जरा लवकर चाल.

४ मे

निर्णय झाला. क. तळमजला. टोकन देण्यासाठी सकाळी दहाला हजर.

फ्लॅट विकला गेला होता. २८ एप्रिलला. घेणारा: भूगोल.

विक्रीवाली मुलगी म्हणाली, ते सर एक मोठ्ठा कागद घेऊन आले, त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, याला सगळ्यात जास्त मार्क आहेत, हाच द्या. दहा मिनिटांत गेले. किती सुटसुटीत माणूस!

दुपारी भूगोलचा फोन. तर्कटराव, डोळे उघडलेत तुम्ही माझे, म्हणाला. चहाला या, खिडकीत बसू. अभिप्राय असा एवढाच.

शांतपणे विचार केल्यावर लक्षात येते की हा तक्त्याचा विजय आहे. तर्काशी संपूर्ण अपरिचित हाती जाऊनही त्याने योग्य घर निवडून दिले. सौ.ला हे सांगितले. तिने विचारले, झाड आहे ना अजून तिथं? मी म्हणालो, आहे. ती म्हणाली, बरं झालं.

१८ मे

तक्त्यात 'ड' ही नवी वसाहत समाविष्ट करत असताना जिन्यात घरमालकांचा आवाज. माझ्या जानेवारीच्या अर्जाची दखल मे महिन्यात! वर येतील म्हणून शर्ट घातला. पण ते दुसऱ्या मजल्यावरच थांबले. पंचेचाळीस मिनिटे. मधूनमधून हसणे ऐकू येत होते. माझ्या अर्जात हसण्यासारखे काही नव्हते.

शेवटी वर आले. म्हणाले, सर, स्टूल राहू द्या, आणि काकू म्हणाल्या तसं करून टाकू. काकू काय म्हणाल्या, हे मला, म्हणजे खुद्द काकूंच्या नवऱ्याला, विचारावे लागले.

तळमजल्यावर एक फोटोग्राफर भाड्याने राहतो. त्याला उजेड आणि गच्ची हवी आहे. सौ.ला जमीन हवी आहे. दोघांनी घरे बदलायची. घरमालक एकच, भाडे तेच. एक जूनपासून. सगळे त्या स्टुलाभोवती ठरले.

मी आक्षेप घेतला की पर्यायांची तुलनाच झालेली नाही. शिवाय ती रोज फिरायला जाते, तेव्हा एवढी निकड कशाची.

सौ. म्हणाली, अहो, फिरायला कुठं जाते मी? शिवणवाल्या बाईंच्या स्टुलापर्यंत जाते. त्यांनी माझ्यासाठीच ठेवलंय ते. तिथं बसते, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलते, आणि वर येते. ते घर बघून आलो ना, त्या दिवसानंतर रस्त्याला पाय लागलेला नाही माझा.

वही काढून तारीख तपासली. ९ फेब्रुवारी. बरोबर आहे.

१९ मे

घरमालकांना बोलावून आणणारा अर्ज माझाच होता. म्हणजे कारणपरंपरेत आद्य कारण मी. हे सौ.ला सांगण्याची वेळ अजून आलेली नाही.

१ जून

सामान दोन तासांत उतरले. सौ.ला खाली यायला पंचवीस मिनिटे लागली. शिवणवाल्या बाई स्टूल घेऊन पुढे. प्रत्येक वळणावर स्टूल टेकवायचे, सौ.ने बसायचे, मग पुन्हा स्टूल पुढे. फोटोग्राफर वर जाताना म्हणाला, काकू, पालखीच हवी होती. ती म्हणाली, पालखी कसली, आता रोज वर चढून तू दमशील.

मी मागे होतो. या वेळी पुढे जाऊन लिहिण्यासारखे काही नव्हते.

डॉक्टरांची सहा महिन्यांची मुदत पाळली गेली, ही बाब येथे नमूद करतो. तक्ता स्वयंपाकघरातल्या फडताळात डब्यांखाली अंथरला गेला आहे. पूर्ण मापाचा निघाला.

९ जून, संध्याकाळी सहा

अभ्यास अर्धवट सोडण्याची मला सवय नाही, म्हणून एकट्यानेच ड पाहून आलो. (हेलिपॅडसाठी आरक्षित जागेत एक म्हैस होती.) डोक्यात गुणांकन चालू असताना जिना चढलो, दाराशी पोचलो, किल्ली लावली. फिरेना. जोर लावला. फोटोग्राफरने दार उघडले आणि अत्यंत नम्रपणे म्हणाला, सर, तुम्ही खाली राहता.

मी म्हणालो, मला माहीत आहे.

छप्पन्न पायऱ्या. इथे राहिल्याच्या एकतीस वर्षांत आज प्रथमच मोजल्या, त्याही उतरताना. सदतीस निकषांमध्ये लिफ्टचा वेग आहे, पायऱ्या नाहीत.

दुसऱ्या मजल्यावर उजव्या गुडघ्यात काहीतरी कळ आली. स्टूल जागेवरच होते. उंची अठरा इंच, बैठक किंचित खोलगट, बसायला योग्य. तिथून खालच्या रस्त्याचा एक तुकडा दिसतो. त्या तुकड्यात सौ. दिसली. हातात पिशवी, कोणाशी तरी बोलत, हसत, पलीकडे निघून गेली. मागे वळून पाहिले नाही. पाहण्याचे कारणही नव्हते.

शिवणवाल्या बाईंनी दार उघडले. म्हणाल्या, बसा सर, बसा, काकूपण इथंच बसायच्या. मी स्पष्ट केले की मी बसलेलो नसून निरीक्षण करत आहे.

त्या आत गेल्या आणि पाण्याचा ग्लास घेऊन आल्या.

प्यालो.