बिनगजाची खिडकी

मी, देवराव नत्थूजी खोब्रागडे, वय त्रेपन्न, कूलर कंपनीच्या मेटॅडोरवर ड्रायव्हर, राहणार इंदोरा, नागपूर, माझ्या माघारी माझ्या चीजवस्तूंचे काय करावे ते स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. मी पूर्ण शुद्धीत आहे. दारूला जन्मात शिवलो नाही. कोणाची जबरदस्ती नाही. अक्षर हलले आहे ते आजाराने नव्हे, भीतीने. मृत्युपत्रात भीती लिहीत नाहीत, असे अर्जनवीस मधुकररावांचे म्हणणे पडले. पण मृत्यू माझा आहे, त्यांचा नव्हे.

१. इंदोऱ्यातील दोन खोल्यांचे घर माझी पत्नी भागीरथा हिला द्यावे. ती हयात असेतो कोणी तिला ते विकायला लावू नये. स्वयंपाकघराच्या खिडकीला मी फळ्या ठोकल्या आहेत, त्या काढू नयेत. "भर उन्हाळ्यात खिडकी काहून बंद करून राहिले जी? चुलीपुढं भाजून मरीन मी," असे ती म्हणाली, तेव्हा मांजर येते अशी थाप मी मारली. खरे कारण कलम तीनमध्ये आहे. ते वाचून तिने माझ्यावर चिडावे, पण फळ्या राहू द्याव्यात.

२. जॅक आणि हातोडा धाकटा भाऊ भैय्याजी याला द्यावेत. पान्यांचा संच त्याला मुळीच देऊ नये. बहात्तर साली नेलेला पाना त्याने अजून आणलेला नाही आणि विचारले की माझ्याच तोंडाकडे बघतो. संच जावयाला द्यावा.

३. मार्च महिन्यात मॅनेजरसाहेबांनी आम्हा ड्रायव्हरांना गोदामापुढे उभे केले. "सेल्समन दारातून परत येतो, तुम्ही थेट घरात जाता. डोळे उघडे ठेवा," असे म्हणून प्रत्येकाच्या हाती गुलाबी कार्डांचा गठ्ठा दिला. दर खेपेला एका तरी नव्या गिऱ्हाइकाचे नाव आणायचे; न आणणाऱ्याला दुसऱ्या दिवशी गाडी नाही. कार्ड कसे भरायचे ते सेल्समन कृष्णकांतने शिकवले. कूलर खिडकीत बसतो, म्हणून कोणत्या खिडकीला गज नाहीत ते लिहायचे. घरी कोण केव्हा असते, ऐपत कशावरून दिसते, तेही. सगळी कार्डे त्याच्याकडे जात.

मी मन लावून भरली. माझे अक्षर चांगले आहे, साहेबांनी सगळ्यांसमोर वाखाणले होते, आणि मी मूर्खासारखा फुशारलो होतो.

खापरखेड्याच्या कॉलनीत शेजारच्या घरी कूलर उतरवताना अंजनाबाई गजभिये यांनी मला बोलावून पाणी दिले. त्यांच्या कार्डावर मी लिहिले: मालक वीजघरात, दुपारपाळी. बाई एकटी. हातात सोन्याच्या पाटल्या. मागच्या खिडकीला गज नाहीत.

एकोणीस मे रोजी, दुपारी चारला, त्याच खिडकीतून दोघे शिरले आणि बाईंना मारहाण करून पाटल्या ओरबाडून नेल्या. त्यानंतर कामठीत एक घर फुटले, मग उमरेडला. दोन्ही कार्डे माझीच. मी कृष्णकांतला विचारले. तो हसला आणि खिशातून एक गुलाबी कार्ड काढून माझ्यापुढे धरले. त्यावर माझे घर होते. मालक दिवसभर गाडीवर. बाई एकटी. स्वयंपाकघराची खिडकी बिनगजाची.

"ठाण्यात जाशील तं जाय गा," तो म्हणाला. "फुटलेल्या घरायच्या कार्डांवर अक्षर तुयंच हाय. आंदी तूच आत जाशील. अन् मंग भागीरथा घरी एकटी."

त्या दिवसापासून अन्न गोड लागत नाही. गाडीमागे मोटारसायकल आली की मी गाडी कडेला घेऊन ती पुढे जाऊ देतो. मी भ्यालो आहे, आणि भिऊन इतके दिवस गप्प बसलो, हे लिहायला लाज वाटते.

४. माझी गाडी उलटली, मी विहिरीत सापडलो किंवा अन्य काही झाले, तर त्याला अपघात म्हणू नये. मी दिलेल्या नावांची वही धान्याच्या कोठीमागे आहे. तीत एकेचाळीस घरे आहेत. ती पोलिसांना द्यावी आणि त्या घरांना आधी सावध करावे.

५. माझ्या आईच्या दोन पाटल्या भागीरथेच्या संमतीने अंजनाबाई गजभिये यांना द्याव्यात.

पुरवणी. पाचव्या कलमासाठी बाईंचे पूर्ण नाव हवे होते, म्हणून आज सकाळी मी खापरखेड्याला गेलो. त्यांनी माझ्या हातातला हा कागद मागितला आणि उभ्याउभ्या सगळा वाचला. शिव्या देतील असे वाटले होते.

"मेल्यावर काहून सांगता भाऊ?" त्या म्हणाल्या. "जित्ते आहा तवर सांगा. उद्या मीबी येतो संगं."

पाटल्या त्यांनी नाकारल्या, पण साक्षीला सही करायला त्या माझ्यासोबत नागपूरला आल्या. ज्याला वाटा मिळतो त्याने साक्षीला सही करू नये, असे मधुकररावांनी सांगितल्यावर तर त्यांनी पाचवे कलम स्वतःच खोडायला लावले. ते खोडले आहे. उद्या सोमवारी दहा वाजता आम्ही वही घेऊन ठाण्यात जाणार. भागीरथा तोवर अंजनाबाईंच्या घरी राहील. भीती गेलेली नाही.

नागपूर, रविवार, दि. ७ जून १९८१

सही: देवराव नत्थूजी खोब्रागडे

आमच्यासमक्ष सही केली:

१. मधुकरराव विठोबाजी ढोक, अर्जनवीस.

२. अंजनाबाई महादेवराव गजभिये, खापरखेडा. उजवा हात प्लास्टरमध्ये असल्याने सही डाव्या हाताने.