तळेगावपर्यंतच विजेवर

३ नोव्हें., सोम.
गेटवर फुगे, हार, नारळ. नवा इलेक्ट्रिक ट्रक आला. आमचे गिअर ज्या जर्मन कंपनीला जातात त्यांची अट: कारखान्यापासून बंदरापर्यंत माल डिझेलशिवाय न्यायचा. बरं वाटलं. डिस्पॅचच्या खिडकीत बसून सात वर्षं धूर गिळलाय.
दुपारी रशीदचाचांचा गेटपास काढून घेतला. कुरुळीत आमचे शेजारी आहेत म्हणून नाही म्हणत, पण अकरा वर्षं बंदरावर माल त्यांनीच नेला, स्वतःच्या डिझेल ट्रकने. सिक्युरिटीवाला सगळ्यांसमोर, "चाचा, तुमची गाडी घाण. बाहेर लावा." आमचे मॅनेजर साठे सर हसत उभे. हसायला काय झालं?

५ नोव्हें., बुध.
इले. ट्रक सकाळी दहाला बाहेर, दीडला रिकामा परत. दीडला! घाट उतरून बंदर गाठायलाच तेवढा वेळ लागतो. ड्रायव्हर विलासला विचारलं. "मॅडम, मला सांगितलंय तेवढंच चालवतो." नजर चुकवली.
साठे सरांनी जर्मनीला जायचा फॉर्म पुढे केला. 'संपूर्ण वाहतूक इलेक्ट्रिक वाहनाने.' खाली सही माझी. केली. का केली?

६ नोव्हें., गुरु. सुट्टी.
गिरणीपाशी चाचा भेटले. खुशीत.
"काल तुमच्याच कंपनीचा माल न्हेला की! तळेगावच्या यार्डात त्या नव्या गाडीतनं माझ्या गाडीत भरला."
"तुमची गाडी घाण होती ना?"
"गेटाच्या आत घाण. भाईर चालती." मग हळूच, "कुणाला बोलू नको मंगल. पाठीमागनं का हुईना, काम हाय."
घरी येऊन भांडी आपटली. चाचांवर चिडू? सरांवर? का स्वतःच्या सहीवर...

७, शुक्र.
सरांना विचारलंच. म्हणे एका चार्जिंगमध्ये बंदरावर जाऊन येणं होत नाही, वाटेत सोय नाही.
"मग त्यांना तसं कळवू या."
"मॅडम, तुम्ही डिस्पॅच बघा. जगाचा धूर आम्ही बघतो."
चार्जर मागायला तोंड उघडत नाही. खोट्या सह्या मागायला बरं उघडतं!

१०, सोम.
आज फॉर्मवर लिहिलं: 'तळेगावपर्यंत इलेक्ट्रिक, पुढे डिझेल.' चाचांच्या गाडीचा नंबर टाकला नाही. सही केली, स्कॅन केला, नेहमीच्या मेलवर जर्मनीला पाठवला.  

११, मंगळ.
केबिनमध्ये बोलावलं. "तुमच्या एका ओळीने ऑर्डर जाईल!" सर ओरडले. मीही ओरडले. "खोटं तुमचं आणि सही माझी?" नोकरीत पहिल्यांदाच आवाज चढवला. बाहेर सगळे माना खाली घालून बसलेले.
संध्याकाळी चाचा दारात. आत या म्हटलं, आले नाहीत.
"यार्डातलं काम बंद झालं. तू लिव्हलंस व्हय?"
हो म्हटलं.
"खरं लिव्हलंस. पर मला एकदा इचारायचं तरी."
गेले. त्यांचं बरोबर आहे. साठे सरांनी त्यांना विचारलं नाही, मीही नाही. डोक्यात तेच...

१४, शुक्र.
जर्मनीहून मेल. बुधवारी त्यांची माणसं येणार, यार्ड बघणार, माझ्याशी बोलणार. काय बोलायचं ते सरांनी टाइप करून हातात दिलंय. 'गैरसमजातून चूक झाली.' चुरगाळून पर्समध्ये टाकलं.
तशीच चाचांकडे गेले. आज विचारायला. म्हटलं, बुधवारी माझ्याबरोबर चला. तळेगावपुढे माल कोण नेत होतं ते तुम्ही सांगा. नव्या गाड्या आणताय तर त्या चालवायला आम्हालाच शिकवा, हेही सांगा.
 मला वाटलं, आता हाकलतील.
मग म्हणाले, "त्यांच्यापुढं मराठीत बोलल्यालं चालंल का?"
चालवून घ्यावं लागेल, म्हटलं.