थांबायची अट

ता. ६ मे ७३, रविवार
लता काल दुपारच्या गाडीने पुण्याहून आली. श्रीरामपूरला उतरली ती अंगावर धुळीचा थर घेऊनच. सुट्टी म्हणते, पण ट्रंकेत कपडे कमी, कार्डं जास्त. लांबट, भोकं पाडलेली, रबराने बांधलेली. कॉलेजच्या कॉम्प्युटरला काय करायचं ते या भोकांतून सांगतात. एका कार्डावर एक वाक्य.
तिला दिलेलं काम असं: आडवी पडलेली गोल टाकी, दहा फूट उंच. पाण्याची उंची दशांश फुटाने वाढवत जायची, दर वेळी टाकीत पाणी किती ते छापायचं. दहा फूट झाले की थांबायचं. मशीन थांबत नाही. टाकी संपली तरी पुढे मोजतच जातं. दोनदा तिथल्या माणसाने बंद केलं. आता जूनमध्ये एकच पाळी मिळणार. तेव्हाही थांबलं नाही तर वर्ष गेलं.
बारीक झाली आहे. मला म्हणते, तूच बारीक झालीस.

ता. ८
ल.चं इंग्रजी पुस्तक घेऊन बसले. डिक्शनरी शेजारी. हे होते तेव्हा इंग्रजी पेपर असाच वाचायला शिकले, शब्दाला शब्द लावून. निम्मं डोक्यावरून गेलं. कळलं ते एवढं: एका कार्डाला नंबर द्यायचा आणि पुढच्या एखाद्या कार्डावर म्हणायचं, परत त्या नंबराकडे जा. ल. त्याला लूप म्हणते. मी फेरा म्हणते. फेऱ्यात एक जागा अशी हवी की तिथे विचारलं जाईल, झालं का? झालं असेल तर बाहेर. सगळी अक्कल त्या एका प्रश्नात.
सखूबाई दूध घालायला आली. "काय वाचताय वहिनी, पोथी व्हय?" सांगितलं तिला. "मंजी आमच्या गुऱ्हाळाच्या बैलावानी. थांब म्हनायला इसरलं की फिरतंय आपलं. पर बैल दमतो तरी!" ल. खूप हसली. मशीन दमत नाही, हीच अडचण म्हणाली.

ता. ११
आज मी मशीन झाले. ल. कार्ड वाचणार, मी वहीत करणार. दशांश मिळव. दहा झाले का? नाही. परत. शंभर फेरे. सकाळ गेली, आमटी करपली. शंभराव्याला दहा. बरोबर दहा. थांबले.
"तू थांबतेस, ते थांबत नाही. कार्डं तीच!" ल. रडकुंडीला आलेली.
संध्याकाळी ताट एकच वाढलं. मी एकवेळ जेवते हे तिला माहीत आहे, तरी रोज, "आई, बस ना." आजही.

ता. १४
नळावर घेरी आली. कळशी गेली, पाणी गेलं. नळ दिवसाआड, म्हणजे आता परवा.
डॉक्टर म्हणाले, "काकू, हिरड्या पांढऱ्या पडल्यात, रक्त फार कमी आहे. दोन्ही वेळ जेवायचं. औषधाचं नंतर बघू."
घरी येऊन ल.ने विचारलं, हे एकवेळचं कशासाठी. तिला वाटायचं, बायका करतात तसंच काही. सांगितलं. तीन वर्षांपूर्वी ह्यांना पुण्याच्या दवाखान्यात हलवलं, त्या दिवशी दत्तापुढे बोलले होते, हे घरी येईपर्यंत रात्रीचं जेवणार नाही. हे आले नाहीत. तिथेच सगळं झालं. अस्थीही भाऊजी परस्पर विसर्जनाला घेऊन गेले.
ल. म्हणाली, "आणि आता कुठपर्यंत?"
म्हटलं, ते मी कोणाला विचारलंच नाही.

ता. १५
देवळातल्या गुरुजींना विचारलं. "वहिनी, ते गेले तेव्हाच संपलं व्रत. उद्यापन करा, मोकळ्या व्हा."
तेव्हाच संपलं, तर नंतरच्या एवढ्या संध्याकाळी कसल्या होत्या? जेवायला बसले की मीच म्हटल्यासारखं होतं, आता येणार नाहीत. माहीत का नाही मला. माहीत असणं वेगळं आणि...

ता. १९
पुस्तकात वाचलं, मशीनला आपली दहाची मोजणी नाही, दोनाची आहे. ल.ला विचारलं, मग दशांश त्याला पुरता लिहिता येतो का?
"नाही येत. शेपूट तोडावं लागतं."
"म्हणजे आपण एकाचा तिसरा भाग ०.३३३ लिहितो तसं? तीनदा मिळवला तर ०.९९९. एक काही होत नाही."
ल. चहा लवंडून उठली. दहा येतच नव्हते! किंचित अलीकडे, आणि पुढच्या फेऱ्यात एकदम पलीकडे. कार्ड मात्र विचारत होतं, बरोबर दहा झाले का? नाही. नाही. नाही.
दुपारभर बसून नवीन लिहिलं. आता उंची विचारायचीच नाही. फेरे मोजायचे, पूर्ण आकड्यात. शंभर झाले की बाहेर, उंची काहीही असो.
"शंभर कोणी ठरवलं?"
"मी. आधी ठरवावं लागतं."

ता. २०
भाजी निवडताना ल. म्हणाली, "आई, तूही एक आकडा ठरव."
चिडले. "तुझ्या बापाला कार्डात घालू नकोस."
"बाबांना नाही गं, तुला बाहेर काढतेय."
दिवसभर अबोला. माझाच.

ता. ८ जून, शुक्रवार
ल. सकाळच्या गाडीने गेली. दशम्या दिल्या. फलाटावर म्हणाली, "आकडा मी सांगणार नाही. तुझा तू. पण पत्रात खरं लिही, जेवलीस की नाही."
घरी आले तर घर फार नीट होतं. तिने जाताना आवरून ठेवलेलं.
हिरड्या अजून पांढऱ्याच. आरशात बघितल्या.

ता. १६, शनिवार
ल.चं पत्र. मशीन थांबलं. सरांनी तक्ता घेतला, वर्ष वाचलं. शंभरावी ओळ मुद्दाम उतरवून पाठवली आहे. तिथे दहा नाहीत. ९.९९९९८. दहा आलेच नाहीत, तरी थांबलं.
दोन-तीनदा वाचलं. सखूबाईला सांगितलं. "थांबलं व्हय! लेक हुशार हाय तुमची." मग, "आन तुमी? तोंड लई उतरलंय."
संध्याकाळचे साडेसहा. मुठीने तांदूळ घेतले, धुतले, टाकले. का टाकले ते अजून ठरलेलं नाही. वास सुटला आहे. झाकण हलतंय, उठायला हवं.