पॅरिस-इस्तंबूल गाडीची दुसरी वही

नाही राकेशदादा, ती रद्दी नव्हती. वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली वही मी पेपरांच्या गठ्ठ्यावर ठेवली, ही माझी चूक. उघडून न बघता किलोने घातलीस, ही तुझी. वर फोनवर हसून म्हणालास, "नववी नापासाने युरोपचा इतिहास लिहायचा नसतो." तर आता हे वाच आणि नीट ठेव. हे मृत्युपत्र आहे.

मी, धम्मदीप तायडे, वय सत्तावीस, मूळ राहणार भुसावळ, हल्ली सांता क्लारा येथे शीलाकाकूंच्या डब्यांच्या किचनमध्ये स्वयंपाकी, डोकं ठिकाणावर असताना, कोणाच्याही दबावाशिवाय लिहून देतो. मला काही झालेलं नाही. पुढच्या महिन्यात पॅरिसहून इस्तंबूलला गाड्या बदलत एकटा चाललोय. काकू म्हणाल्या, "जा बाबा, पण आधी कागद कर. आमचे हे कागद न करता गेले, मी तीन वर्षं ऑफिसं झिजवली." म्हणून हे.

१. भुसावळच्या घरातला माझा अर्धा हिस्सा दादा, तुला. भांडण वहीचं आहे, घराचं नाही.

२. इथल्या बँकेतली शिल्लक तुझ्या मुलीच्या, मैत्रीच्या शिक्षणाला. नववीत नापास झाली तरी मिळेल. तिला टोमणे मारायचे नाहीत.

३. माझे तीन चाकू माझ्या जागी येईल त्या स्वयंपाक्याला. कांद्याच्या चाकूने चिकन कापू नये.

४. खेळण्यातलं निळं इंजिन राजला ठेवणार होतो. राज इथेच जन्मलेला, आमचं गिऱ्हाईक, त्यानेच मला मॉडेल गाड्यांच्या क्लबात नेलं. पण काकू म्हणाल्या, साक्षीदाराच्या नावाने काही ठेवायचं नसतं. मग काल हातातच दिलं. मिटलं.

५. आता वही. पहिली गेल्यावर सहा वर्षं खपून दुसरी लिहिली, १८८३ पासून २००९ पर्यंत, पॅरिस-इस्तंबूल गाडी सुरू झाली तिथपासून तिचं नाव वेळापत्रकातून गेलं तिथपर्यंत. क्लबातल्या मोठ्या टेबलावर याच गाडीचं मॉडेल मांडलंय, त्यावर पाटी होती, की पहिल्याच वर्षी गाडी पॅरिसहून थेट इस्तंबूलला गेली. मी म्हणालो, साफ चूक. तेव्हा गाडी डॅन्यूबकाठी ज्युर्जुला थांबायची. लोक उतरून बोटीने नदी ओलांडायचे, पलीकडे दुसरी गाडी पकडून वार्नाला जायचे, तिथून पुढे जहाज. सलग रूळ १८८९ ला झाले.

राज म्हणाला, "यार, आर यू शुअर? हे लोक फोर्टी इयर्स हेच करतायत."

"मग फोर्टी इयर्स चुकतायत. काढ तुमचं जाड पुस्तक."

काढलं. माझ्या वहीशी ओळ न ओळ जुळली. क्लबच्या म्हाताऱ्या अध्यक्षांनी स्वतः स्क्रू काढून पाटी उतरवली. आता त्या टेबलावर नदी आहे, बोट आहे, आणि नदीला निळा रंग मी दिलाय. बाबा गँगमन होते. समोरून गेलेली गाडी पुढे कुठे जाते, हे त्यांना कधी कोणी सांगितलं नाही. मी युरोपातल्या गाडीचं इथल्या जाणकारांना सांगून आलो, दादा!

ही वही मैत्रीची. छापायचं तिने, तुला त्यात हात घालायचा हक्क नाही. तुला एकच काम. चौदा एप्रिलला विहारात मुलांना वह्या-पेनं वाटतात, त्यासोबत या पुस्तकाच्या प्रती तू उभं राहून वाटायच्या. कोणी विचारलं, लिहिलं कोणी? तर सांगायचं, "माझ्या धाकट्या भावाने. नववी नापास आहे."

मी धडधाकट परत आलो तरी कलम पाच आत्तापासूनच लागू.

साक्षीदार: शीला काकडे (सही), राज देवस्थळी (सही, इंग्रजीत)
लिहून देणार: धम्मदीप तायडे (सही)
सांता क्लारा, ९ फेब्रुवारी २०२६

ता. क. मैत्रीने छापखान्याचा दर आणलाय, दोनशे वीस रुपये प्रत, दोनशे प्रती. आजच तिच्या खात्यावर पाठवतोय: रुपये चव्वेचाळीस हजार फक्त.