बंपरमागची गार हवा

आगरदांडा. गुरुवार, संध्याकाळ

नाझिमभाईंच्या टर्बो गाडीला आज थंड हवेचा पाइप बसवला. इंजिनजवळची हवा तापते, म्हणून पाइपचं तोंड खाली बंपरमागे नेलं. जमिनीपासून जेमतेम एक वीत. सगळ्यात गार हवा तिथलीच, थर्मामीटर लावून बघितलं. भाई खूश होऊन दुपारच्या फेरीबोटीने गाडी घेऊन दिघीला घरी गेले.

जेवताना आई म्हणाली, "आज अवस हाय. धक्क्यावर पानी चढलं असंल."

घास हातातच राहिला. एक वीत! बोटीत चढता-उतरताना धक्क्यावरचं खारं पाणी पाइपातून आत ओढलं गेलं तर इंजिनच जाणार. कोळ्याच्या घरात जन्मलो, आणि तापमान बघितलं, तिथी नाही?

लगेच फोन केला.

"पोचलो, अल्हम्दुलिल्लाह. गाडी नुसती उडते! का रे, काय काम होतं?"

"काही नाही, सहज."

सहज कसलं? लाज वाटली, दुसरं काय! वर हेडलाइटमागे जागा होती की. थोडी कमी गार, पण कोरडी.

भाई उद्या दुपारच्याच बोटीने परत येणार, आणि उद्याचं उधाण आजच्याहून मोठं. एक वीत, एक वीत. वहीत लिहून पाणी थांबणार आहे का? फोन लावतो.