पाच मिनिटं थांबलो असतो तर

प्रिय तनू,

जालन्याला सुरेखाआत्याकडं गेलीस त्याला आज एकोणीस दिवस झाले. आत्या म्हणाली, डाव्या कानाचा पडदा फाटलाय आणि डॉक्टरला तू बाथरूममध्ये पडले म्हणून सांगितलंस. ऐकून मला आधी हायसं वाटलं. लाज नंतर वाटली. हे तुला कळायला हवं, म्हणून पहिल्यांदा तेच लिहिलं.

त्या रविवारी दुपारी मी चिकलठाण्याच्या कारखान्यातून जादा पाळी करून आलो होतो. पत्रा दाबायच्या प्रेसवरची डाय, म्हणजे साचा, फुटली होती आणि साहेबानं सगळ्यांदेखत आईवरून शिवी दिली होती. ती गिळून घरात पाय टाकला, तर कॉम्प्युटरची स्क्रीन काळी आणि तू समोर हाताची घडी घालून बसलेली. आमच्याकडं मशीन बिघडलं की आधी मेन स्विच पाडायचा आणि मग विचारायचं, हात कुणी लावला. तीस वर्षांची सवय. मी बटण पाडलं. बाबा, मधेच बंद करू नका, असं तू ओरडलीस आणि मी थोबाडीत मारली. खुर्चीसकट पडलीस. वेणीला धरून उठवलं आणि दुसरी त्याच कानावर मारली. तुझी आई मधे आली, तिला भिंतीवर ढकललं. कीबोर्ड गुडघ्यावर घेऊन मोडला. त्याची बटणं अजून पलंगाखाली सापडतात. तू रडली नाहीस, कान धरून नुसती बघत राहिलीस, त्याचाही मला राग आला.

परवा कॉम्प्युटरचं खोकं शहागंजात दुरुस्तीवाल्या चांदपाशाकडं नेलं. पोरीनंच ग्राफिक्स कार्ड जाळलं, असं त्यानं म्हणावं, एवढंच मनात होतं. त्यानं तासभर तपासलं. आपोआप आलेल्या अपडेटनं कार्डाचा चुकीचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, बसला होता, म्हणून स्क्रीनवर हिरवे पट्टे येत होते. तू तो काढून बरोबरचा टाकत होतीस, आणि टाकताना स्क्रीन थोडा वेळ काळी होतेच. चांदपाशा म्हणाला, "सोमनाथभाई, पोट्टी बराबर कर री थी. पाच मिनट रुकना था बस."

मग त्यानं माउस माझ्याच हातात दिला. चुकीचा ड्रायव्हर काढला, तशी अक्षरं विटेएवढी झाली. बरोबरचा टाकला आणि स्क्रीन काळी पडली. माझा हात आपसूक बटणाकडं गेला गं. डाव्या हातानं तो दाबून धरला आणि बसून राहिलो. थोड्या वेळानं उजेड आला. तू काढलेलं पुलाचं चित्र होतं तसं समोर आलं. मी दुकानात सगळ्यांदेखत रडलो.

फोन करता आला असता. पण तोंडानं बोललेलं मी उद्या नाकारीन, मला मी माहीत आहे. म्हणून लिहून देतो. तू पडली नव्हतीस. मी मारलं. हा कागद डॉक्टरला दाखव. पोलीस ठाण्यात द्यायचा असेल तर तिथंही दे, आत्या तुझ्यासोबत येईल, मी तिला सांगितलंय. खाली पूर्ण नावानं सही केली आहे.

तुझाच बाबा,
सोमनाथ बद्रीनाथ गाडेकर