लव्हाळ्यातला पक्षी

ती. आईस,

चिखलाचे बूट दाराबाहेर काढून, हात धुऊन नमस्कार.

सोबतचा फोटो मी काढलाय, आणि तो आमच्या ऑफिसच्या दर्शनी भिंतीवर लागलाय! चांगला दाराएवढा मोठा. येणारा-जाणारा विचारतो, "नुसतं गवत कशाला लावलंय?" मग मी ऐटीत जाऊन त्यातला पक्षी दाखवते.

बगळ्याच्या जातीतला आहे. चाहूल लागली की मान ताठ वर करतो आणि सुकलेल्या लव्हाळ्यांत लव्हाळं होऊन उभा राहतो. वारा आला की त्यांच्याबरोबर डोलतोसुद्धा, लबाड! माझ्याबरोबर दलदलीत आलेले बाकीचे फोटोग्राफर आपापल्या लांबलचक लेन्स गुंडाळून कंटाळून परतले. मला मात्र दिसला. साहेबांनी विचारलं, "हे कुठे शिकलात?" म्हटलं, "आईजवळ बसून तांदूळ निवडताना." पांढऱ्या तांदळातला पांढरा खडा तुझ्या नजरेतून कधी सुटला नाही.

आणि हो, काळजी करू नकोस, तिथे पाणी गुडघ्याएवढंच असतं. खोकलाही जवळजवळ गेलाय.

बाबा फोनवर म्हणाले, हल्ली भातात खडे लागतात आणि तू वाण्याला बोल लावतेस. डोळ्याचं ऑपरेशन अजून किती पुढे ढकलणार आहेस?

आता हा फोटो बाबांना न विचारता बघ. पक्षी कुठे उभा आहे ते बरोबर कळवलंस, तर मी ऑपरेशनचं नाव काढणार नाही. नाही दिसला, तर मुकाट्याने दवाखान्यात जायचं. सगळ्या जगाला गवत दिसलं तरी चालेल गं, तुला नुसतं गवत दिसलेलं मला चालणार नाही.

तुझीच नजर घेऊन फिरणारी,
थोरली